वेल्डिंगच्या काचेतून अर्धा मिनिट: लाँग एक्सपोजरसाठी घरी केलेले फिल्टर

संथलाट (धागाकर्ती)

भर उन्हात वाहतं पाणी धुक्यासारखं मऊ दिसावं, ही माझी फार दिवसांची हौस. त्यासाठी शटर बराच वेळ उघडं ठेवायचं, म्हणजेच लाँग एक्सपोजर. अडचण तुम्हाला माहीतच आहे. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, छिद्र एफ/११ आणि लख्ख ऊन असलं की कॅमेरा १/२०० सेकंद मागतो. मला हवा अर्धा मिनिट. म्हणजे उजेड सहा हजार पटींनी कमी करायचा. छिद्र एफ/२२ पर्यंत मिटवलं तर दोनच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) हाती लागतात आणि चित्राची धार जाते ती वेगळीच. विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे, एफ/२२ ला उजेडाचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर सुमारे ३० मायक्रॉनचा ठिपका होतो. एफ/८ ला तोच ठिपका ११ मायक्रॉनच्या आत राहतो. माझ्या सेन्सरचा पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा आहे, त्यामुळे हा रस्ता मी लवकरच सोडला.

चांगला १० स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे रंग न बदलता उजेड कमी करणारी काळी काच, घेणं सध्या जमणार नाही. म्हणून गेले दोन महिने वेल्डिंगची काच लेन्ससमोर लावून फोटो काढते आहे. जे जमलं ते लिहिते, जिथे अडलं आहे तिथे मदत हवी आहे.

आधी काचेविषयी. वेल्डिंगच्या काचेवर शेड क्रमांक असतो आणि त्यावरून तिचे स्टॉप काढता येतात. क्रमांकातून १ वजा करायचा, ३ ने गुणायचं, ७ ने भागायचं. ही झाली काचेची घनता. तिला ०.३ ने भागलं की स्टॉप मिळाले. ८ क्रमांकाची काच बरोबर १० स्टॉपची निघते, म्हणजे बाजारातल्या एनडी १००० इतकी. १० क्रमांकाची जवळजवळ १३ स्टॉपची, ११ ची १४ च्या थोडी वर, १३ ची १७ ची. गॅस वेल्डिंगच्या चष्म्यातली ५ क्रमांकाची काच साधारण पावणेसहा स्टॉपची. हे आधी ठाऊक असतं तर मी ८ ची घेतली असती. मी घेतली १०.

गणितावर विसंबले नाही, मोजूनही पाहिलं. ढगाळ दिवशी एकसारखी उजळलेली पांढरी भिंत धरली, एफ/८ कायम ठेवलं. काचेशिवाय १/१२५ ला हिस्टोग्रामचा (उजेडाच्या आलेखाचा) डोंगर जिथे येत होता, तिथेच तो काच लावून आणायला ६० सेकंद लागले. ६० गुणिले १२५ म्हणजे ७५०० पट, सुमारे १२.९ स्टॉप. गणिताशी जुळलं. तुमच्याकडे कुठलीही अनोळखी काळी काच असेल तर पहिलं काम हेच करा. त्यानंतर जागेवर अंदाज बांधत बसावं लागत नाही: काचेशिवाय मोजलेली वेळ गुणिले ७५००, संपलं.

बसवण्याचे दोन प्रकार करून पाहिले. आधी हूड उलटा लावून, काच लेन्सवर ठेवून, रबरबँड काचेवरून फुलीसारखे ओढून हुडाच्या कडांना अडकवले. चालतं, पण वाऱ्यात काच सरकते आणि फटीतून उजेड आत शिरतो. नंतर एका जुन्या यूव्ही फिल्टरची फुटकी काच काढून टाकली आणि रिकामी कडी वेल्डिंगच्या काचेला इपॉक्सीने चिकटवली. आता ती लेन्सवर फिरवून बसते. कडी आणि काच यांच्या मधल्या जागेत काळी टेप लावली आहे. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेटचा गोंद इथे वापरू नका. त्याची वाफ काचेवर पांढुरकी झाक धरते. माझी पहिली काच त्यातच गेली.

काम करताना क्रम असा ठेवते. ट्रायपॉडवर चौकट ठरवायची, फोकस करायचा, फोकस मॅन्युअलवर टाकायचा, काचेशिवाय एक्सपोजर मोजायचं आणि मग काच लावायची. १३ स्टॉपच्या काचेतून कॅमेऱ्याला काहीही दिसत नाही, त्यामुळे हा क्रम चुकला की काच काढून पहिल्यापासून सुरुवात.

आता अडचणी.

१) १८ मिमीला चित्राचे कोपरे मधल्या भागापेक्षा काळे येतात, आणि नुसते काळे नाही तर जास्त हिरवेही. ५० मिमीला हा त्रास जवळजवळ नाही.

२) काचेची हिरवी झाक व्हाइट बॅलन्सने (रंगांचा समतोल साधून) काढली की सावल्यांमध्ये भयंकर दाणे दिसतात.

३) कधीकधी चित्रावर एक फिकट जांभळट पट्टा येतो. रोज येत नाही.

सेन्सर एपीएस-सी (फुल फ्रेमपेक्षा लहान) आहे, कॅमेरा डीएसएलआर (आत आरसा असलेला).


काजवा

फार मनापासून लिहिलं आहे. शेड क्रमांकाचा हिशेब वहीत उतरवून घेतला. वाचतो आहे.


तिपाई

तिसऱ्या अडचणीचं उत्तर मी देतो, कारण त्यात माझी एक अख्खी संध्याकाळ वाया गेली होती. उजेड मागून येतो आहे. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून शिरलेला उजेड आरशाच्या कडेने सेन्सरपर्यंत पोचतो. एरवी १/२०० सेकंदात तो जाणवत नाही. पण समोरून येणारा उजेड तुम्ही ७५०० पट कमी केलाय आणि मागचा आहे तेवढाच आहे. तुम्ही कॅमेऱ्यामागे उभ्या असता तेव्हा तुमची सावली नेत्रिकेवर (व्ह्यूफाइंडरच्या डोळा लावायच्या काचेवर) पडते आणि पट्टा येत नाही. बाजूला झालात आणि सूर्य पाठीशी असला की येतो. म्हणून रोज दिसत नाही.

नेत्रिकेवर काळी टेप लावा किंवा काळं कापड टाका. काही कॅमेऱ्यांच्या पट्ट्यावरच एक छोटं रबरी झाकण असतं, ते याचसाठी दिलेलं असतं. मिररलेसवाल्यांना, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांना, ही काळजी नाही.

ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्थिरीकरण बंद करता ना? नसाल तर करा. आणि ३० सेकंदांच्या पुढे जायचं असेल तर बल्ब मोड (बटण दाबलेलं असेतोवर शटर उघडं) आणि केबल रिलीज (वायरीला जोडलेलं बटण) लागेलच. बोटाने दाबून धरलेल्या बटणाने दोन मिनिटांचा धारदार फोटो मिळत नाही.


भिंग

पहिली अडचण. लेन्सचा दोष नाही, काचेचा म्हणाल तर तसाही नाही. ही भूमिती आहे.

वेल्डिंगची काच आरपार रंगलेली असते. उजेड तिच्यातून जितका लांब चालेल तितका जास्त शोषला जातो. मधला किरण सरळ जातो, काचेच्या जाडीइतकंच अंतर कापतो. कोपऱ्याचा किरण तिरका जातो, त्याला जास्त अंतर पडतं. तुमच्या सेन्सरवर १८ मिमीला कोपऱ्याचा किरण अक्षाशी सुमारे ३८ अंशांवर असतो. काचेत शिरताना तो वाकून २४ अंशांवर येतो. २४ अंशांनी तिरकं चालायचं म्हणजे अंतर साडेनऊ टक्क्यांनी वाढलं. साडेनऊ टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण ते उजेडाचे साडेनऊ टक्के नाहीत, घनतेचे आहेत. १२.८ स्टॉपचे साडेनऊ टक्के म्हणजे सव्वा स्टॉप! कोपऱ्यात निम्म्याहून कमी उजेड पोचतो तो यामुळे.

५० मिमीला कोपऱ्याचा किरण १६ अंशांच्या आत असतो, काचेत तो साडेदहा अंशांपर्यंत सरळ होतो आणि नुकसान उरतं जेमतेम ०.२ स्टॉप. म्हणून तिथे तुम्हाला काही दिसलं नाही.

आता हिरवेपणा. ही काच लाल आणि निळा रंग हिरव्यापेक्षा जास्त खाते. अंतर वाढलं की लाल-निळ्याचं नुकसानही हिरव्यापेक्षा जास्त वाढतं. त्यामुळे कोपरे काळे होतात आणि हिरवेही होतात. एकच व्हाइट बॅलन्स मध्याला आणि कोपऱ्याला दोन्हीकडे लागू पडणार नाही तो याच कारणाने.

उपाय आहे, खगोलछायाचित्रणवाले तो रोज वापरतात: फ्लॅट फील्ड. काच लेन्सवर असतानाच तिच्यावर एक पांढरा कागद सपाट चिकटवा, कॅमेरा उजळ आकाशाकडे करा, पण सूर्याकडे नाही, आणि नुसत्या कागदाचा फोटो काढा. फोकल लांबी, छिद्र, फोकस सगळं मूळ फोटोसारखंच ठेवा. कागदाने आणखी उजेड जातो म्हणून इथे आयएसओ वाढवलात तरी चालेल. असे चार-पाच काढून त्यांची सरासरी घ्या, म्हणजे दाणे कमी होतील. मग मूळ फोटोला या फोटोने भागायचं. रॉथेरपी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रॉ विभागात फ्लॅट फील्डची सोय आहे, ती रंगवार भागाकार करते, त्यामुळे कोपऱ्यांचा काळेपणा आणि हिरवेपणा एकदमच निघतो. हा भागाकार रॉ फाइलवरच (सेन्सरच्या प्रक्रिया न केलेल्या नोंदीवर) करायचा. जेपेगवर केलात तर रंग विस्कटतात.

एक राहिलं. काचेचा पृष्ठभाग सपाट आहे का तेही पाहून घ्या. काच डोळ्याच्या पातळीला आडवी धरा आणि तिच्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा. कडा सरळ दिसली तर काच चांगली. लाटा दिसल्या तर वाइड लेन्सला एक वेळ खपून जाईल, पण टेलिफोटोला चित्र विरघळल्यासारखं येईल.


संथलाट (धागाकर्ती)

तिपाई, आजच काळी टेप लावून, सूर्य पाठीशी घेऊन चार फोटो काढले. पट्टा गायब. भिंग, सव्वा स्टॉपचं उत्तर वाचून एवढं बरं वाटलं! दोन महिने मी लेन्सलाच दोष देत होते. फ्लॅट फील्ड रविवारी करते.

दाण्यांचं काय करायचं?


अंधारखोली

दाणे येणारच. कॅमेरा हिरव्याला भरपूर उजेड देतो आणि लाल-निळे उपाशी राहतात. मग व्हाइट बॅलन्स त्या दोघांना वर ओढतो, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे दाणेही वर येतात. तीन गोष्टी करून पहा.

पहिली, फक्त रॉ. जेपेगमध्ये हिरव्याची झाक कायमची भाजली जाते. कॅमेऱ्यावर केल्व्हिनचा आकडा फिरवून हिरवी झाक जात नाही, कारण तो आकडा निळा ते पिवळा एवढ्याच दिशेने काम करतो. हिरवा ते मजेंटा ही दिशा वेगळी. काचेतून पांढऱ्या कागदाचा फोटो काढून त्यावर कस्टम व्हाइट बॅलन्स ठरवा. कॅमेऱ्याने तो नाकारला तरी बिघडत नाही, घरी रॉ उघडल्यावर त्याच कागदावर टिचकी मारता येते.

दुसरी, हिस्टोग्राम तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघा. हिरवा उजव्या कडेला टेकायच्या जरा आधी थांबा, म्हणजे लाल आणि निळ्याला शक्य तितका उजेड मिळेल. पडद्यावरचं चित्र उजळ वाटलं तरी घाबरू नका.

तिसरी, काचेबरोबर मजेंटा जिलेटीनचा तुकडा लावा, स्टुडिओच्या दिव्यांवर लावतात तो. तो हिरवा अडवतो, लाल-निळे सोडतो. एक्सपोजर वाढवावं लागतं, पण आपल्याला वेळच तर हवा आहे. पूर्ण तटस्थ रंग मिळणार नाही, तरी समतोल बराच सुधारतो. सुरकुती पडू देऊ नका.

आणि माझं मत विचाराल तर या काचेच्या निम्म्याहून जास्त चित्रांचं खरं रूप कृष्णधवलच आहे. पाणी, खडक, ढग. लाल आणि निळे चॅनल बाजूला ठेवून फक्त हिरव्यातून कृष्णधवल चित्र घडवा. दाण्यांचा प्रश्नच उरत नाही, कारण हिरव्या चॅनलमध्ये भरपूर उजेड आहे.

वेल्डिंगच्या काचेचा एक मोठा गुण इथे कोणी लिहिला नाही. ती अवरक्त (इन्फ्रारेड) किरण अडवते, ते तिचं मूळ कामच आहे. बरेचसे हलक्या प्रतीचे एनडी फिल्टर दिसणारा उजेड १० स्टॉपनी कमी करतात, पण अवरक्त तसाच सोडतात. सेन्सरसमोरची अवरक्तरोधक काच तो पूर्ण अडवू शकत नाही, आणि चित्रावर तांबूस-तपकिरी झाक येते. ती काढणं हिरवी झाक काढण्यापेक्षा अवघड, कारण झाडांची पानं अवरक्त फार परावर्तित करतात आणि झाक सगळीकडे सारखी पडत नाही.

याच कारणाने घरगुती फिल्टरच्या यादीत दिसणाऱ्या दोन वस्तू मी बाद करतो: पूर्ण उजेड लागलेली, धुतलेली रंगीत फिल्म आणि जुन्या फ्लॉपीतली चकती. दोन्ही डोळ्याला काळ्या दिसतात, दोन्ही अवरक्त आरपार सोडतात. अवरक्त छायाचित्रणासाठी लोक त्या मुद्दाम वापरतात. एनडी म्हणून उपयोग नाही. कृष्णधवल फिल्ममध्ये चांदी असते, ती अवरक्तही अडवते, पण चांदीचे कण उजेड विखुरतात आणि चित्रावर धुरकट पडदा येतो.


नवखा

मी अगदी नवीन आहे, चूक असेल तर सांगा. माझ्याकडे दोन पोलरायझर (एकाच दिशेने कंप पावणारा उजेड सोडणारे फिल्टर) आहेत. एकावर एक लावून फिरवले की काळे होतात असं वाचलं होतं. माझे होत नाहीत, नुसता रंग थोडा बदलतो. पोलरायझर खराब आहेत का? आणि आपोआप काळी होणारी वेल्डिंगची काच चालेल का?


भिंग

पोलरायझर चांगले आहेत. हल्लीचे बहुतेक पोलरायझर वर्तुळाकार असतात, म्हणजे पुढे रेषीय पोलरायझर आणि त्याच्या मागे पाव तरंगाची पट्टी. पुढच्या फिल्टरने उजेड रेषीय केला की त्याचीच मागची पट्टी तो पुन्हा वर्तुळाकार करून टाकते, मग दुसऱ्या फिल्टरला अडवायला काही राहत नाही. पुढचा फिल्टर उलटा करा. दोन्हींचे रेषीय भाग समोरासमोर आले की काळोख होतो. कोणती बाजू कोणती हे ओळखायला फिल्टर संगणकाच्या एलसीडी पडद्यासमोर धरून फिरवा. पडदा पूर्ण काळा होतो तेव्हा पडद्याकडे असलेली बाजू रेषीय.

उलटा फिल्टर आट्यांवर बसणार नाही, टेपने धरावा लागेल. माझ्या अनुभवात पाच-सहा स्टॉपपर्यंत हे छान चालतं. त्यापुढे निळी-जांभळी झाक येते आणि वाइड लेन्सला चित्रावर फुलीच्या आकाराचा काळा डाग पडतो.

आपोआप काळी होणारी काच नको. ठिणगीचा झोत पडेपर्यंत ती ३ किंवा ४ क्रमांकाइतकी फिकट असते, आणि नदीवर तो झोत कुठून येणार. पॉलीकार्बोनेटच्या पट्ट्याही टाळा, त्यांवर ओरखडे लवकर पडतात आणि चित्र मवाळ येतं. साधी रंगीत काच घ्या.


पहाटवारा

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आतापर्यंतच्या प्रतिसादांत आकाश आणि सूर्य अनेकदा आला आणि इथे नवीन लोक वाचत आहेत.

या धाग्यातल्या कुठल्याही वस्तूमधून सूर्याकडे डोळ्याने बघू नका. १० क्रमांकाची काच त्यासाठी पुरेशी नाही. नुसत्या डोळ्याने सूर्य बघायचा तर वेल्डिंगची काच किमान १२ क्रमांकाची लागते, आणि तीही डोळ्यासमोर धरलेली, कॅमेऱ्यामागे नाही. निगेटिव्ह, काजळी धरलेली काच, गॉगल, दोन पोलरायझर यांपैकी काहीही चालत नाही. दिसणारा उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली उलट मोठी होते आणि अवरक्त थेट पडद्यावर पडतो. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. जळलं हे नंतर समजतं.

सूर्य चौकटीत असेल तर ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका, लाइव्ह व्ह्यू वापरा. आणि काच नेहमी लेन्सच्या पुढेच लावा. लेन्सच्या मागे बसवलेल्या कुठल्याही जुगाडावर एकवटलेलं ऊन पडतं. तो वितळू शकतो, तडकू शकतो.

काच कापून घेतली असेल तर कडा पाण्याखाली पॉलिशपेपरने घासा.


शेवाळ

मी उलट बाजूने येतो. एवढा काळोख हवाच कशाला?

लाँग एक्सपोजर म्हणजे वेळेची बेरीज. ती शटरने एका दमात करता येते, तशीच अनेक फोटो काढून त्यांच्या सरासरीनेही होते. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का ठेवा, सगळं मॅन्युअल करा, एकामागून एक १०० फोटो घ्या आणि संगणकावर सरासरी काढा. इमेजमॅजिक या सॉफ्टवेअरमध्ये ती एका आज्ञेत होते. स्थिर वस्तू जशाच्या तशा राहतात, हलणाऱ्या विरघळतात. वर दाणे कमी होतात: ६४ फोटोंची सरासरी घेतली तर आठपटीने. हिरवी झाक नाही, कोपरे काळे नाहीत, काचेतलं परावर्तन नाही.

माणसं गायब करायची असतील तर सरासरीऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) घ्या. एखाद्या जागी निम्म्याहून कमी फोटोंत माणूस असेल तर तो पूर्ण पुसला जातो, मग वीस-तीस फोटोही पुरतात. एकाच एक्सपोजरमध्ये त्यासाठी मिनिटं लागतात. १८३८ मध्ये छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसच्या बुलवार द्यु तांपल या रस्त्याचं चित्र घेतलं, तेव्हा एक्सपोजर इतकं लांब होतं की सगळी वर्दळ पुसली गेली. उरला फक्त बुटांना पॉलिश करून घेणारा एक माणूस, तो बराच वेळ एका जागी उभा होता म्हणून.


संथलाट (धागाकर्ती)

शेवाळ, मी हे करून पाहिलं होतं आणि माझं मन भरलं नाही. उन्हात १/२०० चे १०० फोटो म्हणजे सगळे मिळून अर्धा सेकंदच उजेड. प्रत्येक फोटोत पाण्याचे थेंब गोठलेले. सरासरीनंतर पाणी मऊ न होता वाळूसारखं रवाळ दिसलं. फेसाच्या ठिपक्यांची तर रांगोळी उमटली.


शेवाळ

मान्य. प्रत्येक तुकडा स्वतःच थोडा लांब हवा. पाव सेकंदाच्या आसपास पाण्याच्या रेघा तयार होतात, आणि रेघांची सरासरी मऊ येते. थेंबांची येत नाही.

मग दोन्ही एकत्र करा. तुम्हीच वर ५ क्रमांकाची काच लिहिली आहे, पावणेसहा स्टॉपची. ती लावली की १/२०० चा पाव सेकंद होतो. असे १२० फोटो म्हणजे ३० सेकंद. काच फिकट असल्याने भिंग यांच्या हिशेबाने कोपऱ्याचं नुकसानही निम्म्यावर येईल.


भिंग

५.७ चे साडेनऊ टक्के म्हणजे अर्धा स्टॉप. हो, निम्म्याहून कमी. आणि लाल-निळे कमी उपाशी राहतील, त्यांचे उरलेले दाणे सरासरीत जातील. मला हे सुचायला हवं होतं.


तिपाई

१२० वेळा शटर पडणार हेही धरा. आणि दोन फोटोंमध्ये जी फट राहते ती पाण्यात दिसत नाही, पण रात्री गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा तुटक येतात. जोरात पळणाऱ्या ढगांच्या कडेलाही पायऱ्या पडतात. तिथे एकच लांब एक्सपोजर बरं. कॅमेऱ्यातलं लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन यावेळी बंद हवं, नाहीतर एक्सपोजर लांबलं की तो प्रत्येक फोटोनंतर तेवढ्याच वेळेचा एक काळा फोटो घेत बसतो आणि फट आणखी तेवढीच वाढते. काळा फोटो हवाच असेल तर शेवटी लेन्सवर झाकण लावून स्वतः काढा.

लांब एक्सपोजरमध्ये आणखी एक फुकटचा फिल्टर आहे, काळा पुठ्ठा. आकाश जास्त उजळ असेल तर ६० सेकंदांपैकी ३० सेकंद पुठ्ठ्याने चौकटीचा आकाशाकडचा भाग झाका, आकाश एक स्टॉपने उतरतं. ४५ सेकंद झाकलंत तर दोन स्टॉपने. पुठ्ठा सतत वरखाली हलवत ठेवायचा, नाहीतर क्षितिजावर रेघ उमटते. लेन्सला धक्का लागू देऊ नका.


संथलाट (धागाकर्ती)

तीन आठवड्यांनी परत आले आहे. ५ क्रमांकाची काच एका जुन्या चष्म्यातून मिळाली. ती गोल आणि छोटी आहे, १८ मिमीला तिची कडा चौकटीत येते. म्हणून २४ मिमीला काम केलं. एकाच जागी, एकाच दुपारी, तासाभरात तीन चित्रं घेतली.

पहिलं, १० क्रमांकाची काच, एफ/११, ३६ सेकंद, एकच फोटो. फ्लॅट फील्डने भागल्यावर कोपरे सरळ झाले, इतके की आधीचं आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवून मी किती तरी वेळ बघत बसले. मधल्या आणि कोपऱ्याच्या खडकाचा रंग पहिल्यांदाच एक दिसतो आहे. पण सावलीतल्या ओल्या खडकांवर लालसर दाणे आहेतच.

दुसरं, तीच काच आणि मजेंटा जिलेटीन, दीड मिनिट. दाणे स्पष्ट कमी झाले. मात्र काच आणि जिलेटीनच्या मधल्या परावर्तनाने पाण्यावरची चमक एका जागी दुहेरी आली. सूर्य बाजूला असेल तर हे जोडकाम टाळेन.

तिसरं, ५ क्रमांकाची काच, पाव सेकंदाचे १२० फोटो, सरासरी. हे चित्र दोन्हींपेक्षा चांगलं आहे. पाणी ३६ सेकंदांच्या चित्राइतकंच मऊ. सावल्या स्वच्छ, आणि ओल्या शेवाळाचा हिरवा आणि काचेचा हिरवा वेगळा ओळखू येतो, जे मला १० क्रमांकाच्या काचेतून कधीच जमलं नव्हतं. काठावरची गवताची पाती मात्र वाऱ्याने हलली होती. त्यांच्यासाठी १२० पैकी एकच फोटो घेऊन तेवढा भाग मास्कने वर बसवला. ही सोय एका लांब एक्सपोजरमध्ये मिळालीच नसती.

ढगांसाठी १० क्रमांकाची काच ठेवते आहे. परवा चार मिनिटांचं एक एक्सपोजर कृष्णधवल केलं, अंधारखोली यांनी सांगितलं तसं फक्त हिरव्या चॅनलमधून. एकही दाणा शोधून सापडत नाही.


नवखा

म्हणजे मी पहिली काच कोणती घेऊ? माझ्याकडे लेन्स एकच आहे, १८-५५.


संथलाट (धागाकर्ती)

पाण्यासाठी ५, आणि ती चष्म्यातली गोल नको, आयताकृती पट्टी मिळाली तर घ्या, म्हणजे १८ मिमीला कडा येणार नाही. ढगांचीही हौस असेल तर दुसरी ८ ची. दोन्ही एकत्र लावू नका, चार उघडे पृष्ठभाग झाले की प्रत्येकी चार टक्के परावर्तन होतं आणि भुतं (दुहेरी प्रतिमा) दिसायला लागतात. काच हातात आली की आधी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघा, मग पांढऱ्या भिंतीवर मोजा आणि जो आकडा येईल तो कडीवर लिहून ठेवा. इथेही टाका. वेगवेगळ्या काचांचे मोजलेले आकडे एका जागी जमले तर पुढच्याला उपयोगी पडतील. माझी १० क्रमांकाची काच: १२.९. चष्म्यातली ५ क्रमांकाची: ५.६.


काजवा

११ क्रमांकाची काच काल मोजली. ढगाळ आकाश, एफ/८, काचेशिवाय १/६०, काचेसह ५ मिनिटं. १८००० पट, १४.१ स्टॉप.